लिंबाच्या जागी आम्ही

बाबा, तुमच्या नातवाने परवा मला त्याच्या सगळ्या मित्रांसमोर विचारलं, "आई, पहिल्या फेरीला बसतेस ना?" आणि मी नाही म्हणाले. तेव्हापासून तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो आहे. तुम्ही असता तर तुमच्याकडे तक्रार घेऊन आले असते. तुम्ही नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे.

तो लातुरात नोकरी करतो. सुटीच्या दिवशी मित्रांना घेऊन जुन्या जिपा डोंगरात आणि नाल्यांत घालतो. ज्या रस्त्यांना वैतागून आपल्या लोकांनी गावं सोडली, त्याच रस्त्यांवर ही मुलं हौसेने डिझेल जाळतात. यंदा त्याने एका भंगारातल्या ट्रकचा पुढचा एक्सल आणला, मधून कापून अरुंद केला आणि आपल्या जीपला लावला. हे सगळं फोनवर बघून बघून शिकला. वर मला म्हणतो, "आजोबांनी नाही का घरच्यांना बसवलं होतं? एवढी खात्री होती त्यांना." आपल्या घरात ती गोष्ट अशीच सांगतात. तुमच्या शोकसभेत गॅरेजमधल्या तुमच्या एका जुन्या सोबत्याने ती अशीच सांगितली आणि माणसं माना डोलावत होती. आई तोवर राहिली नव्हती. ती असती तर तिथून उठून गेली असती.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. नव्या जिल्ह्यात साहेब आले, कचेऱ्या आल्या, पाट्या लागल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. लातूरच्या एका शेठने आडवळणाच्या गावांना पाणी पोचवायचं काम घेतलं होतं. टँकर जिथे जात नाही तिथे जीपला छोटी टाकी जोडून न्यायची, असा त्याचा बेत. पण जीपचा पुढचा एक्सल नाल्यातल्या दगडांनी दोनदा मोडला. मग त्याने लिलावातला एक लष्करी ट्रक घेतला आणि त्याचा दणकट एक्सल काढून नांदेडला तुमच्याकडे आणला. तुम्ही तो नुसता जीपखाली सरकवून पाहिलात, तर दोन्हीकडून चाकं वीतभर बाहेर. तुम्ही खूश झालात. अवघड काम आलं की तुमचा आवाज चढायचा, घरीसुद्धा. "कापून जोडू. ट्रकचं हाडूक, जीपच्या मापाचं," असं आई भाकरी थापत असताना तिला सांगत होतात, आणि ती म्हणत होती, "आधी जेवा."

मी तेव्हा मॅट्रिकला होते. डबा द्यायला गॅरेजवर यायचे तेव्हा दिसायचं: एक्सलची जाड नळी दोन तुकडे होऊन पडलेली, तुम्ही दोरी धरून, ओळंबा सोडून, एक डोळा मिटून बघता आहात. मला तुमचा फार अभिमान वाटायचा. आजही वाटतो, आणि त्याचाच राग येतो.

गाडी तयार झाली त्या सकाळी शेठ आला, कपाळावर विभूतीचे पट्टे, सोबत ड्रायव्हर. ड्रायव्हरने पिशवीतून नारळ आणि चार लिंबं काढली. चाकाखाली लिंबं ठेवायची, नारळ फोडायचा, मग गाडी हलवायची, सगळ्या जगाची रीत. तुम्ही म्हणालात, "हितं ते चालत न्हाई." आपल्या घरात माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून हे सगळं सुटलं होतं, ते शेठलाही ठाऊक होतं. तो चांगला माणूस होता, आपल्या माठातलं पाणी मागून प्यायचा. तो समजुतीने म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही नका फोडू, आमचा आम्ही फोडतो."

"न्हाई शेठ. गाडी सरळ धावली तर नाव नारळाचं व्हतंय, वाकडी गेली तर माझं."

ड्रायव्हर अडून बसला. "कापलेला एक्सल हाय. नारळ न फोडता मी बसत न्हाई."

तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात. "तू नको बसू. माझी बायको बसंल, माझी लेकरं बसतील. मंग तर खात्री पटंल?"

बाबा, शेठने त्याचा नारळ फोडला असता तर तुमचं काय बिघडत होतं? बुद्ध काही रुसले नसते. इतकी वर्षं मी हे मनात तुमच्याशी भांडते आहे.

तुम्ही मला घरी पिटाळलंत, आईला घेऊन ये म्हणून. ती पीठ लागलेल्या हातांनीच आली, काखेत धाकटा. कशासाठी बोलावलंय ते मी तिला सांगितलं नाही. मला वाटलं, फिरायला नेताहेत. ती पुढे बसते, धाकटा तिच्या मांडीवर. मी मागे पत्र्यावर. तुम्ही गाडी लातूर रोडला काढता. पहिला तुकडा सरळ, गाडी सरळ जाते, तुम्ही वळून माझ्याकडे बघून हसता. पुढे नाल्यावरच्या पुलाआधी वळण येतं. तुम्ही स्टेअरिंग फिरवता, वळण संपतं, आणि स्टेअरिंग परत येत नाही. एरवी चाकं आपोआप सरळ होतात. ही होत नाहीत. तुम्ही दोन्ही हातांनी ओढता आहात, तुमच्या मानेची शीर मला दिसते. मग धक्का, धूळ, आणि गाडी थांबलेली. पुढचं एक चाक पुलाच्या कडेबाहेर हवेत.

मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "रडू नको, लोकं बघायलेत."

आई धाकट्याला घेऊन उतरली. पदर नीट केला. एवढंच म्हणाली, "आमचा जीव काय लिंबू हाय का, चाकाखाली ठिवायला?" आणि भर उन्हात चालत घराकडे निघाली. मीही तिच्या मागे गेले. तुम्ही हाक मारली नाही.

एक्सल जोडताना एका बाजूचं टोक किंचित फिरलं होतं, चाकाचा कल बिघडला होता, हे तुम्हाला तिथेच कळलं. शेठ मागून आला तेव्हा त्याला सरळ म्हणालात, "चुकलं माझं. दोन दिवस द्या." हे मला शेठच्याच तोंडून कळलं, कौतुकाने सांगत होता. तुम्ही जोड पुन्हा कापला, पुन्हा जोडला, दुसऱ्या फेरीला एकटे गेलात. मग ती जीप दुष्काळ संपेपर्यंत धावली. कितीतरी गावं तिचं पाणी प्यायली, ते मी नाकारत नाही.

पण घरी तुम्ही 'चुकलं' हा शब्द बोलला नाहीत. संध्याकाळी अर्धापूरची केळी आणलीत, ओट्यावर ठेवलीत, हात धुतलेत. आईने जेवायला वाढलं. ती केळी धाकट्याने खाल्ली. त्यानंतर मुदखेडला माहेरी जायचं असलं की ती रेल्वेनेच जायची, तुमची गाडी दारात असली तरी. तुम्ही विचारायचात, "सोडू का?" ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या." तिला केळी नको होती, बाबा. शेठला जे फुकट मिळालं तेच हवं होतं.

पूर्वी वाटायचं, तुमच्या मनात शंका होती आणि निव्वळ ताठ्यापायी तुम्ही आम्हाला बसवलंत. आता तसं वाटत नाही. तुमची पुरती खात्री होती. परवा मुलाच्या तोंडावर तीच खात्री पाहिली. त्याची लेक, माझी नात, त्याच्या कडेवर होती. मी तिला त्याच्याकडून ओढूनच घेतली आणि म्हणाले, "तुझी खात्री तुझ्यापाशी ठेव. एकटा जा." त्याचा चेहरा उतरला. मित्र इकडेतिकडे बघायला लागले. कदाचित तुम्हीही त्या पुलावर असेच दिसला असाल. मी तेव्हा मागे वळून पाहिलं नव्हतं.

तो एकटाच गेला. मी नातीला छातीशी धरून रस्त्यावर उभी होते. जीप वळणावर गेली, वळली, आणि चाकं झटकन सरळ झाली. काम उत्तम केलं होतं त्याने. तो हात हलवत परत आला.

हे मी त्याला दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहिते: चाकं सरळ झाली तेव्हा, अगदी क्षणभर, मला वाईट वाटलं.