पान चौदावरची वगळलेली ओळ

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा टंकलेखन, राहणार तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने टाइप करते आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे, आणि आजही माझ्या एका पानात दोनपेक्षा जास्त चुका निघत नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही, दम दिलेला नाही किंवा गोड बोलून गुंडाळलेले नाही. आधीचे एखादे मृत्युपत्र असल्यास ते रद्द समजावे. असे काही नाही, पण वकील म्हणतात लिहा, म्हणून लिहिते.

कलम १. दोन्ही खोल्या, आतल्या सामानासह, माझ्या एकुलत्या एक मुलीला. ती आज एकतीस वर्षांची असून दातांच्या कवळ्या घडवण्याचे काम करते. तिचे वडील ती बारा वर्षांची असताना वारले. घर विकायचे की ठेवायचे हे तिचे तिने ठरवावे, मामाचा सल्ला घेण्याची गरज नाही. मोरीतला नळ उलटा फिरतो, हे नव्या माणसाला आधी सांगावे.

कलम २. माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे वरील मामाला, भिंतीवरचे घड्याळ. ते रोज पाच मिनिटे मागे पडते. मुलगी सोळाची असताना दार लावून बसू लागली, ताटावरून अर्धवट उठू लागली, तेव्हा हे सगळे लाडाचे चोचले आहेत, असे तो तिच्या तोंडावर म्हणाला होता. मी मूग गिळून बसले. त्यामुळे या कलमातला अर्धा राग माझ्यावरच आहे.

कलम ३. लोखंडी कपाटही मुलीलाच, पण ते आवरून देऊ नये. जीव घाबरला की मी कपाट आवरते. चादरी काढायच्या, झटकायच्या, पुन्हा घड्या घालायच्या. ते आयुष्यभरात पुरेसे आवरून झाले आहे.

कलम ४. टेप ऐकण्याचे यंत्र, त्याचे पायाने दाबायचे पेडल आणि कानाला लावायचे हेडफोन कोणाला द्यावेत हे कळत नाही. आता ते कोणी वापरत नाही. भंगारात घातले तरी चालेल, मात्र पेडल वेगळे काढून मोडावे. याच यंत्रावर मी बावीस वर्षे एका संस्थेतल्या संशोधकांच्या मुलाखती टाइप केल्या. नियम असा की बोललेला शब्दन्‌शब्द उतरवायचा. माणूस खोकला तर खोकला लिहायचा, गप्प बसला तर किती सेकंद ते कंसात लिहायचे.

त्यातले सर्वांत मोठे काम होते स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांचे. शाळा आणि युवक मंडळे अशा मुलांना कसा आधार देतात, हे संशोधिकाबाई दोन वर्षे फिरून विचारत होत्या. एका मुख्याध्यापकांनी सांगितले की आमच्याकडे असली मुले नाहीतच. त्याच शाळेतल्या दोन मुलांच्या टेपा मी आदल्या आठवड्यात टाइप केल्या होत्या. मुख्याध्यापकांनी मध्येच चहाचा भुरका मारला, तोही मी इमानेइतबारे उतरवला. त्यांना देण्यासारखे माझ्याकडे एवढेच होते.

कलम ५. बँकेत जे असेल त्यातले निम्मे मुलीला आणि निम्मे युवक मंडळाच्या सायकलदुरुस्तीच्या शेडला. ती शेड चालवणाऱ्या बाईला सगळी मुले सायकलताई म्हणतात. मी तिच्याशी आजवर एक शब्दही बोललेले नाही. तिची पायरी चढायला मला तोंड नाही. का, ते पुढे आहे.

कलम ६. हे लिहायला मला पंधरा वर्षे लागली.

काम घेताना मी एका कागदावर सही केली होती. ऐकलेले बाहेर बोलणार नाही, आणि ओळखीचा आवाज आला तर टेप तिथेच थांबवून परत करीन. टेपवर मुलांची नावे नसत, क्रमांक असत. सोळा पूर्ण झालेल्यांना घरच्यांची सही लागत नसे. माझी मुलगी कोण, हे संशोधिकाबाईंना माहीत नव्हते. क्रमांक सतराने घसा साफ केला आणि मी ओळखले. टेप थांबवायला नुसता पेडलवरचा पाय उचलायचा होता. मी तो उचलला नाही.

शेवटपर्यंत ऐकले. आठ महिने ती स्वतःला इजा करून घेत होती. एकदा ट्यूबला ठिगळ लावताना सायकलताईने मान वर न करता, आवाज न चढवता तिला सरळ विचारले, आणि तिने सांगितले. ताईने तिला समुपदेशकाकडे नेले. नुसते नेले नाही, दर आठवड्याला ताई स्वतः बाहेरच्या बाकावर बसून राहायची. मग बाईंनी विचारले, घरी कोणाला माहीत आहे का? अकरा सेकंद शांतता. त्यानंतर माझी मुलगी म्हणाली:

"आईने विचारलं तर सांगेन मी. पण ती विचारत नाही. ती कपाट आवरते."

मी कंसात अकरा सेकंद लिहिले. ही ओळ लिहिली नाही. पुढचा प्रश्न टाइप केला. बावीस वर्षांत मी गाळलेली ही एकच ओळ.

त्यानंतर मला विचारता आले नाही. विचारले तर कसे कळले ते सांगावे लागेल, काम जाईल, तिचा विश्वास जाईल, अशी मी मनाची समजूत घालत राहिले. खरे म्हणजे मी घाबरले होते. अहवालाची शेवटची प्रतही माझ्याकडेच आली. त्यात बाईंनी लिहिले होते की मूल सांगत नाही याचा अर्थ त्याला सांगायचे नसते असा होत नाही, कोणीतरी शांतपणे विचारील याची ते वाट पाहत असते. तो परिच्छेद मी एकही चूक न करता टाइप केला आणि घरी जाऊन चादरींच्या घड्या घातल्या. माझी मुलगी सावरली, ते सायकलताईमुळे. माझ्यामुळे काहीही झाले नाही.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. संशोधिकाबाई याला साक्षीदार आहेत. म्हणून त्यांना मी काही देत नाही, त्यांचेच त्यांना परत करते. मुलाखत क्रमांक सतरा, पान चौदा, अकरा सेकंदांच्या कंसानंतर वरील ओळ घालावी.

कलम ७. हे मी स्वतः खोडले असून बाजूला सही केली आहे. यात मी मुलीला तेव्हा न विचारलेला प्रश्न विचारला होता, म्हणजे माझ्यानंतर तिने तो वाचावा. बारा तारखेला दोन्ही साक्षीदार सहीसाठी आले. बाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले आणि पेनाला टोपण लावले.

"मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर तिनं उत्तर द्यायचं कुणाला? आधी विचारा. मग बोलवा मला."

टेप मी पुढे ऐकली याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. ते बोलल्या असत्या तर बरे झाले असते. तळमजल्यावरचे औषधवाले, दुसरे साक्षीदार, इतका वेळ पंख्याकडे बघत होते. चहा पिऊन दोघे गेले.

कलम ८. रविवारी दुपारी मुलगी माझ्या गोळ्या घेऊन आली. मी कपाट उघडून उभी होते. ते बंद केले आणि तिला विचारले. मला माहीत होते हेही सांगितले.

ती म्हणाली, "तेव्हा विचारायचं होतंस, आई."

मी हो म्हटले. रडायचे नाही असे ठरवले होते, कारण मग तिलाच मला सांभाळावे लागले असते. मी रडले नाही. टेपचे सांगितले, गाळलेल्या ओळीचेही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. आयुष्यात पहिल्यांदा मी सेकंद मोजले नाहीत.

"ते मी बाईंना मुद्दाम सांगितलं होतं," ती म्हणाली. "वाटलं होतं, कुठेतरी छापून येईल. कुणीतरी तुला वाचून दाखवेल."

मग ती चपला घालून गेली. पुन्हा कधी येणार ते बोलली नाही. घराची किल्ली ती इथे ठेवून गेलेली नाही, ती तिच्याकडेच आहे.

म्हणून शेवटची सूचना. हे मृत्युपत्र माझ्यामागे वाचले जाईल तेव्हा मुलगी, तिचा मामा आणि आली तर सायकलताई, यांच्यासमोर कलम सहामधली मुलीची ओळ मोठ्याने वाचावी. ती गाळू नये.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: बारा मार्च (खोडून) एकवीस मार्च

सही: मृत्युपत्र करणारी, टंकलेखिका

आमच्यासमोर सही झाली:
१. औषधवाले, तळमजला
२. संशोधिका, निवृत्त. कलम सहा आणि आठ वाचले. पान चौदावर ओळ घातली आहे.