मेंढरांच्या चित्राखाली काय लिहिलं होतं?

प्रिय किशन,

'प्रिय' हे गुरुजींनी घालायला लावलं. पत्र असंच सुरू करतात म्हणाले. मी म्हटलं, गेलेल्या माणसाला लिहितोय, तेही भांडायला लिहितोय, तरी? तरीही, म्हणाले. म्हणून लिहिलं. तू फार मनावर घेऊ नकोस.

आज लिहायला कारण घडलं. काल समाजकेंद्रात मला तुझ्या जागेवर बसवलं. तीच खिडकीजवळची लाकडी पेटी, तिच्यावर तीच सतरंजीची घडी. दुपारच्या मोटारीनं परभणीहून वर्तमानपत्र आलं आणि आबाजीनं ते माझ्या हातात दिलं. पुढं जे झालं ते तुला कळायलाच पाहिजे, पण ते शेवटी सांगतो. आधी माझा राग ऐक. जिवंत होतास तेव्हा ऐकायला थांबला नाहीस.

आपण दोघं बोरीचे, एका वयाचे, एकाच ओढ्यात डुंबलेलो. मी धनगराचा, मेंढरांमागं गेलो. तुझ्या बापानं तुला जिंतूरला उर्दू शाळेत घातलं आणि तू तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहायला बसलास. निजामाच्या राज्यात बोरीचा कुठलाही अर्ज तुझ्या लेखणीशिवाय पुढं सरकत नव्हता. सगळा गाव तुला मुनशी म्हणायचा. मला तुझा अभिमान होता. हे आता लिहितानासुद्धा जिवावर येतंय.

मग राज्य बदललं. कचेरीतले कागद हळूहळू मराठीत गेले आणि तू काळी शेरवानी घडी करून गावात परत आलास. ''थकलो बाबा आता,'' म्हणालास. आम्ही माना डोलावल्या. तुला मराठीचं बाळबोध अक्षर येत नाही, हे आमच्या डोक्यात यावं तरी कसं? आम्हा अडाण्यांना लिहिणं म्हणजे लिहिणं. ज्याला एक लिपी येते त्याला सगळंच येतं, असं आम्ही धरून चाललो. तू ते तसंच चालू दिलंस.

मारुतीसमोर समाजकेंद्र उघडलं तेव्हा तुलाच पुढं केलं, आठवतं? दुपारी भाकरी खाऊन आम्ही म्हातारे तिथं जमायचो. आधी वर्तमानपत्र, मग शाळा सुटली की गुरुजी यायचे आणि पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचे, मग टाळ काढून एखादा अभंग. बायकांची बैठक मंगळवारी असायची, तिथं सुई-दोरा आणि हसणं जास्त. गुरुजी यायच्या आधीचा वेळ तुझा. चष्मा पुसायचास, पान पसरायचास, खाकरायचास आणि वाचायला लागायचास.

काय वाचायचास रे! दिल्लीत काय शिजतंय, परभणीला कुठल्या रस्त्यावर खडी पडतीय, पूर्णेला रेल्वेचं नवीन इंजिन कसं आलं. आबाजी तर भाकरी अर्धी टाकून यायचा. आता कळतंय, ते सगळं मोटार अड्ड्यावर ऐकलेलं असायचं, नाहीतर तुझ्या डोक्यातलं. कागद नुसता समोर धरायला होता.

तेवढ्यावरच थांबला असतास तर मी हे पत्र लिहिलं नसतं. हसून सोडून दिलं असतं.

पण एक दिवस त्या कागदात मेंढरांचं चित्र आलं. चांगला मोठा कळप होता, पुढं फेटेवाला माणूस. मीच विचारलं, ''मुनशी, मेंढरांबद्दल काय लिवलंय?'' तू चष्मा काढलास, पुसला, परत घातला. बराच वेळ पाहत राहिलास. मला वाटलं, काळजीपूर्वक वाचायलाय. मग म्हणालास, ''मसाजी, तुझ्यासाठी बरं न्हाई. सरकारनं हुकूम काढलाय. गायरानात मेंढरं दिसली की जप्ती.''

कुठून आणलंस ते? कचेरीत कधीतरी कुणी गायरानं बंद करायची गोष्ट काढली असेल, तीच तुझ्या तोंडाशी आली असेल. पण ऐकणारा मी होतो. मी घरी गेलो, बायकोला सांगितलं. सोनाई चुलीपुढं बसली होती. म्हणाली, ''कागदातच लिवलंय तर खरंच आसंल की. जप्तीत जाण्यापरीस बाजारात गेलेली बरी.'' पोरगा नामदेव म्हणाला, ''दादा, जरा थांबा, कुणाला तरी इचारू.'' मी त्याच्यावर ओरडलो. मुनशीनं वाचलंय, अजून कुणाला विचारायचं?

पुढच्या बाजाराला सगळा कळप हाकला. व्यापाऱ्यांना घाईतला माणूस लांबूनच ओळखू येतो. उरली ती एक दात पडलेली मेंढी, ती कुणी घेतली नाही. माझ्या आज्यापासून चालत आलेला कळप होता किशन. एकेकीचं तोंड मला ओळखू यायचं. नामदेव घरात बसून काय करणार? पूर्णेला रेल्वेच्या रुळांवर कामाला गेला. अजून तिथंच आहे. सणाला येतो, पाव्हण्यासारखा बसतो. सोनाई त्याला पाट मांडून वाढते तेव्हा मला तुझी आठवण होते, आणि ती चांगली नसते.

पाऊस उघडल्यावर चारठाण्याकडचा एक कळप आपल्याच गायरानात उतरला. मी बांधावर उभा होतो. एक मेंढी चरत चरत जवळ आली. कानाला माझ्याच खुणेचा काप होता. मी तिला हाक मारली तर मान वर केली तिनं. कुणी जप्त करायला आलं नाही. मी तसाच तुझ्याकडं आलो, आणि तू काय म्हणालास? ''हुकूम खाली उतरायला येळ लागतो.'' आणि मी ते पण खरं मानलं! असा कसा मी, आणि असा कसा तू?

आता गंमत बघ. मेंढरं असती तर मी दुपारी माळावर असतो. पाटी धरायला वेळ कुणाला होता? मेंढरं गेली, दिवस रिकामा झाला, म्हणून मी गुरुजींपुढं बसायला लागलो. माझी बोटं काठीला सवकलेली, खडू मोडायचा. आबाजी 'ग' काढायचा तर खुरपं दिसायचं. पण आलं हळूहळू. तूच माझा दिवस रिकामा केलास आणि त्याच रिकाम्या दिवसात मी तुला पकडलं.

त्या दुपारी मी तुझ्या अगदी शेजारी बसलो होतो. तू वाचत होतास, ''परभणीत नळाचं पाणी येणार.'' मला नुकताच 'प' पक्का झाला होता. मला वाटलं, चला, छापलेली परभणी बघू. तुझं बोट होतं तिथं पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. परभणी कुठंच नव्हती.

''किशन, परभनी कुठं हाय? दाव की.''

''तुला काय कळतंय? काल पाटी धरलीस.''

''प कळतोय मला. दाव.''

तू बोट टेकवलंस. मी एक एक अक्षर जुळवून मोठ्यानं वाचलं. केसांचं तेल. पुन्हा वाचलं, तरी केसांचं तेलच. कुणीतरी मागं हसलं. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो फेटेवाला माणूस आला आणि त्याच्यामागचा कळप.

मी विचारलं, ''मग त्या दिशी मेंढरांखाली काय लिवलं व्हतं?''

तू म्हणालास, ''आठवंना.''

एवढंच. कागदाची घडी केलीस, सतरंजीवर ठेवलीस, टोपी नीट केलीस आणि गेलास. माझा कळप गेला, पोरगा गेला, आणि तुला आठवंना! पुढं मी गुरुजींना त्या चित्राचं विचारलं. ते म्हणाले, सरकारनं मेंढ्यांचं प्रदर्शन भरवलं होतं, चांगल्या मेंढ्यावाल्यांना बक्षीस होतं. किशन, बक्षीस होतं रे तिथं.

तू परत केंद्रात आला नाहीस. मी तुझ्या दारात आलो नाही. श्रावणात तुला ताप भरला आणि तू गेलास. गावातले काही जण म्हणतात, मसाजीनं चारचौघांत अब्रू काढली म्हणून मुनशी खचला. म्हणू देत. तू तापानं गेलास. मी जे विचारलं ते विचारायचा मला हक्क होता, आणि आजही विचारीन. तुला खांदा दिला तोसुद्धा रागातच दिला.

आणि तुझ्या दहाव्याला रुक्मिणवहिनी काय म्हणाल्या माहीत आहे? डोळे पुसत म्हणाल्या, ''भावजी, समदं वरीस आतल्या खोलीत दार लावून बसायचे. नातीची अंकलिपी घेऊन गिरवायचे. कुणाला सांगू नगंस म्हणायचे.''

माझा राग तिथं उतरायला हवा होता, असं सोनाई म्हणते. नाही उतरला. उलट भडकला. दार लावून? अरे, आम्ही सगळे तिथं उघड्यावर तेच करत होतो की! आबाजीचं खुरपं, माझा मोडका खडू, सगळ्यांचीच फजिती. माझ्या शेजारी सतरंजीवर जागा होती. मी सरकलो असतो. तू उर्दूतला मुनशी, महिन्याभरात आमच्या पुढं गेला असतास. मेंढरांचं चित्र आलं त्या दिवशी तोंडातून फक्त निघायला हवं होतं की मला हे येत नाही. एवढ्याला तू माझा कळप विकलास?

आता कालचं सांगतो.

तुझ्या पेटीवर बसलो. पान पसरलं. सगळे तोंडाकडं बघायला लागले. पहिल्या दोन ओळी कशाबशा ओढल्या. तिसऱ्या ओळीत एक शब्द आला, जोडाक्षरांचा गुंता नुसता. एकदा जुळवला, जमेना. परत जुळवला, जमेना. आबाजी कान पुढं करून बसलेला. आणि ऐक, किशन, माझ्या जिभेवर एक शब्द तयार होऊन आला. खोटा, पण गुळगुळीत. बातमीत अगदी बसला असता. कुणाला कळलं नसतं. त्या क्षणी मला कळलं, तू कसा बसायचास तिथं.

मी कागद खाली केला. म्हणालो, ''ह्यो शब्द मला येईना.''

आबाजी म्हणाला, ''मग ऱ्हाऊ दे. फुडचं वाच.''

बस. एवढंच झालं. कुणी हसलं नाही, कुणी उठून गेलं नाही. मी पुढचं वाचलं. तुला ज्याची जन्मभर भीती वाटली ते एवढंच होतं रे.

नंतर आबाजी म्हणालाच, मुनशीच्या बातम्या लय रंगायच्या, तुझ्या कोरड्या असतात. असू देत.

मी तुला माफ केलेलं नाही. वर भेटलास तर आधी मेंढरांचंच विचारणार आहे. पण एक शब्द देतो. त्या पेटीवर मी बसेन तोवर जिथं अडेन तिथं थांबेन, आणि सगळ्यांदेखत म्हणेन की हे मला येत नाही. एकदा माझ्यासाठी म्हणेन आणि एकदा मनातल्या मनात तुझ्यासाठी.

तुझ्यावर अजून रागावलेला,
मसाजी

(जोडाक्षरं गुरुजींनी सुधारली आहेत. बाकी सगळं माझं.)