जळगाव ते हैदराबाद : किती वेळ?

यावल, २ फेब्रुवारी २०२५

चि. राजदीप यास अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आपली शिल्पा डॉक्टर झाली. औषधाची नव्हे, पुस्तकांची; तरी शेजारची शेवंताबाई तिला गुडघे दाखवणारच म्हणते. बावीस तारखेला सकाळी हैदराबादला पदवीदान आहे. लेक म्हणते, आदल्या दिवशी जळगावहून विमानानं ये, पण एकटी येऊ नकोस. मी विमान पाहिलं ते केळीच्या बागेतून, मान वर करून. तू बठ्ठं, सगळं शिकलेला. हैदराबाद किती लांब शे, किती वेळ लागतो, ते कळव. तुझी मास्तरकी संपली, आता तुला वेळच वेळ असेल.

माया आहेच, ती राहू दे.
अक्का

धुळे, ८ फेब्रुवारी २०२५

आ. अक्कास सविनय जयभीम, वि. वि.

तीस वर्षे भूगोल शिकवला, पण इतका सुंदर प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही! प्रथम अंतर पाहू. रस्ता वळणे घेतो, विमान जवळजवळ सरळ जाते. म्हणून नकाशावर दोन्ही विमानतळांमध्ये पट्टी ठेवायची. प्रमाणानुसार सुमारे पाचशे किलोमीटर भरतात. आता वेग. आपल्याकडे येणारे पंख्यांचे छोटे विमान तासाला साधारण तेवढेच अंतर कापते. म्हणजे हवेत एक तास. धावपट्टी, चढणे आणि उतरणे धरून दीड तास. यावलहून जळगावला एसटीने लागतो, जवळपास तेवढाच! सोबत आकृती जोडली आहे. आता काळजीचे कारण उरत नाही, निर्धास्त जावे.

आपली छाया अशीच असावी.
आपला, राजदीप

धुळे, २४ फेब्रुवारी २०२५

आ. अक्कास सविनय जयभीम.

काल शिल्पाचा फोन आला. ती रागावली नाही, तेच अधिक लागले. एसटीसाठी पोहोचतेस तशी तू विमान सुटण्याच्या अर्धा तास आधी पोहोचलीस, आणि प्रवाशांच्या नोंदणीची खिडकी बंद झाली म्हणून तुला परत फिरावे लागले. तू तेथील माणसांना माझी आकृती दाखवलीस, माझा भाऊ मास्तर आहे, चुकीचे लिहिणार नाही, असे म्हणालीस. हे ऐकल्यापासून मान वर होत नाही. दोन तास आधी पोहोचावे, एवढे एक वाक्य मी लिहिले नाही. हवेतले प्रत्येक मिनिट मोजले आणि जमिनीवर तू उभी आहेस, हे विसरलो. विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले असते, तर मी शून्य गुण दिले असते. जळगाव माझ्यापासून अडीच तासांवर. मला फोन का केला नाहीस?

क्षमा मागण्याचेही धैर्य नाही. रागवावे, पण लिहावे.
राजदीप

यावल, २ मार्च २०२५

चि. राजदीप यास आशीर्वाद.

फोन केला नाही, कारण तू मला आणखी समजावून सांगितलं असतंस. बाकावर बसून डब्यातली भाकर खाल्ली आणि एसटीनं घरी आले. झग्यातल्या शिल्पाचा फोटो पाहिला. तिनं सभागृहात दोन खुर्च्या राखल्या होत्या, त्यांचाही फोटो आला. दोन्ही रिकाम्या. दुसरी कोणाची, हे कळलं का तुला?

पाटीवर अक्षरं तूच गिरवून घेतलीस माझ्याकडून, पण मनातलं सरळ लिहिणं मला अजून जमत नाही. मी विमानाचा वेळ विचारत नव्हते रे. राजदीप, तुला वेळ शे का, असं विचारायचं होतं.

उत्तर पत्रानं नको.
अक्का