पिवळीची माफी

मोर्शी, १२ मार्च, गुरुवार

आज अकोल्याच्या लॅबमधून पाखरांचा डीएनए रिपोर्ट आला. चार वर्षं ज्यांना आम्ही जोडी म्हणत होतो, त्या दोन्ही माद्या निघाल्या.

ह्यांच्या त्या कॉकटेल पाखरांच्या, म्हणजे तुरेवाल्या लहान पोपटांच्या, अंड्यांतून कधीच पिल्लू निघालं नाही. दर खेपेला दोष जोडीतल्या पिवळीचा. ‘वांझ हाय’ म्हणून विकायलाही काढली होती. गिऱ्हाईकच म्हणालं, आधी दोघांची तपासणी करा. मग ह्यांनी दोघांच्या छातीची तीन-तीन पिसं उपटून पाकिटात घालून पाठवली. एवढंच लागतं.

रिपोर्ट वाचून हे पिंजऱ्यापाशी बसले. पिवळीला म्हणाले, “माफ कर वं माय, तुले फुकटचा बोल लावला.”

मी भाकर थापत होते. हात थांबला. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही, पण मला असं एकदाही म्हणाले नाहीत. अमरावतीच्या दवाखान्यात माझ्या इतक्या तपासण्या झाल्या की फाइल जाड झाली. सगळं ठीक. ह्यांची एकही नाही. आज विचारलंच, “तुमी बी एकदा तपासून घ्या ना.”

“पाखराची गोष्ट अलग हाय,” म्हणाले, आणि पिंजऱ्यावर फडकं टाकलं.

काहून अलग? पाखराला तर पिसं उपटताना दुखतं. तीन पिसं. किती ओरडली होती पिवळी.

रविवारी हे सासूबाईंसोबत चांदूर बाजारला जाणार, दुसऱ्या लग्नासाठी मुलगी पाहायला. पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून ठेव म्हणाले.

ठेवली करून.