गोधड्यांखालचा युनिफॉर्म

पप्पा,

तुम्ही गोधड्यांखाली लपवलेला माझा युनिफॉर्म सापडला. तोच घालून कामावर चालले आहे. मी बँकेत आहे, असं आज येणाऱ्या पाहुण्यांना तुम्ही का सांगितलंत, ते कळतं मला. आजोबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं आणि नात मेलेले उंदीर उचलते. पण ढोरं गावाच्या हुकमाने ओढावी लागायची. पेस्ट कंट्रोल मी शिकून, माझ्या मर्जीने करते.

बीपीची गोळी टीव्हीशेजारी आहे, जेवून घ्या.

पाहुण्यांना संध्याकाळी यायची तसदी नको. आजची उंदरांची तक्रार त्यांच्याच घरून आली आहे. मुलगी बघायची आहे ना, माळ्यावर पिंजरे लावताना बघून घेतील.

प्रज्ञा