होल्डॉल मिळणार नाही

आष्टा,
८ सप्टेंबर १९७४

चि. सौ. राहीस आक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

त्या सकाळी मी चूल सारवून दारात भांडी घासत होते. हे पलटणीतून रजेवर आले होते. उंबऱ्यावर बसून होल्डॉलच्या पट्ट्यांना तेल लावत होते. माझ्या राखेनं भरलेल्या हातांकडं बघून म्हणाले, "पेन्शन होऊ दे. ह्याच होल्डॉलमधी तुझी लुगडी घालून तुला बरफ दावाय नेतो." मी हसले आणि तवा घासत राहिले. त्याच साली, एकाहत्तरच्या थंडीत, होल्डॉल एकटाच परत आला.

म्हणून सांगते, तुमच्या यात्रेसाठी होल्डॉल मिळणार नाही.

जयपूर, दिल्ली, पठाणकोट, काश्मीर असं तू लिहितेस. पठाणकोट वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. तिथून ह्यांची पत्रं यायची. ती वाचायला म्हणून अक्षरं शिकले, मग वाचनालयातून पुस्तकं आणून वाळवंट वाचलं, सरोवरं वाचली. तू मागल्या साली कन्याकुमारीला जाऊन आलीस. काय पाहिलंस विचारलं तर म्हणालीस, आचारी आपल्याकडचा होता, भाकरी झकास मिळायची. तीन समुद्रांच्या काठावर तुला भाकरी दिसली. चणे आहेत तिथं दात नाहीत, दुसरं काय.

हेवा वाटतो, लपवत नाही. रागावलीस तरी चालेल, येणं-जाणं सोडू नकोस.

तुझी,
आक्का

तासगाव,
१४ सप्टेंबर १९७४

ती. गं. भा. आक्काच्या पायांशी राहीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, आक्का लय तिखट, पण खोटं न्हाई.

समुद्र मीही पाहिला गं. तिथं एक अनोळखी बाई शेजारी बसली होती. तिचं बोलणं मला कळेना, माझं तिला. तिनं आपल्या गजऱ्यातला निम्मा तोडून माझ्या केसांत माळला. घरी आल्यावर तुझ्यापुढं फुलांचं कसं सांगू? म्हणून भाकरीचं सांगितलं.

यंदा ह्यांना द्राक्षांची छाटणी सोडून निघता येत नाही. जागा रिकामी आहे. सरळ विचारलं असतं तर बाईमाणसानं, त्यातून विधवेनं कुठं हिंडावं, असं म्हणाली असतीस. होल्डॉल मागितला की त्याच्यामागं तू येशील असं वाटलं. गाडी बावीस तारखेला सुटते. उत्तर लवकर धाड. मार खायलाही तयार आहे.

तुझी धाकटी,
राही

पठाणकोट,
४ ऑक्टोबर १९७४

रा. रा. हंबीरराव यांस अंबूबाईचा नमस्कार, वि. वि.

तुमची जागा मी घेतली, म्हणून खुशाली कळवायचं कामही माझंच. राजस्थानात वाळू पाहिली. पुस्तकात ती पिवळी होती, इथं संध्याकाळी गुलाबी दिसली. मुक्काम बदलला की चहावाल्याची बोली बदलते, चहाची चवही. राही आचाऱ्याची भाकरी सोडत नाही. मी काल ढाब्यावर तंदुरी रोटी खाल्ली.

पठाणकोट साधंच गाव निघालं. तरी प्रत्येक टपालपेटीकडं बघत हिंडले. उद्या गाडी डोंगर चढेल, बर्फ लांबून दिसेल म्हणतात. गाडीत खिडकी राहीनं धरलीय आणि गाडी सुटली की ती घोरते. मला वाटणारा तिचा हेवा अजून गेलेला नाही. उद्या मात्र उठवीन.

छाटणी नीट होऊ द्या. आमची आठवण ठेवा.

अंबूबाई

ता. क. मी राहीला उत्तर का धाडलं नाही, असं आम्ही निघताना तुम्ही विचारलंत. लिहिलं होतं. त्यात पुन्हा नाहीच म्हटलं होतं, ते चुलीत घातलं. दुसऱ्या दिवशी होल्डॉल उन्हात टाकला, पट्ट्यांना तेल लावलं, माझी दोन लुगडी आत घातली आणि तासगावची एस.टी. धरली.