स्वप्नीलदादाला आणायला निघण्यापूर्वी

मी, दर्शना कुशाबा घाडी, वय २४, बी.ए., राहणार बीडीडी चाळ, वरळी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने लिहून ठेवते. मला वेड लागलंय असं माझे चुलते रामूकाका चाळभर सांगतात. म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. खोली बाबांच्या नावावर आहे, तिच्याविषयी लिहायचा मला हक्क नाही. पोस्टातली बचत आईला. माळ्यावरची पुस्तकं चाळीच्या अभ्यासिकेला. थोरल्या भावाने, स्वप्नीलदादाने, इराकला जाताना मला दिलेल्या स्वयंपाकाच्या सुऱ्या चुलतबहीण मानसीला. तिने त्या वापराव्यात, देव्हाऱ्यात ठेवू नयेत.

२. मी का जाते, तेही नोंदवते. दादा इराकमध्ये परदेशी फौजेच्या छावणीत आचारी होता. फौज बंडखोरांच्या शहरात शिरली, तेव्हा तो सैनिकांना जेवण पोचवायला मागोमाग जाई. लोक पळून गेले होते. सैनिक भिंती फोडून या घरातून त्या घरात सरकत. शेवटच्या फोनवर तो म्हणाला, "दर्शू, काल एका रिकाम्या घरात चहा उकळत होता. मी गॅस बंद केला. आज बघतो तर परत उकळतोय."

"तू आत जाऊ नको."

"चहाच तर आहे गो. उद्या बघतो कोण ठेवतो तो."

नंतर ठेकेदाराने तो मयत झाल्याचं कळवलं. देह मिळाला नाही.

३. बाणगंगेवर दर्भाचा पुतळा करून त्याचं सगळं केलं. दहाव्याला पिंड ठेवला. कावळे समोर बसून राहिले, शिवेनात. बाबा म्हणाले, "आईला सांभाळीन." आई म्हणाली, "दर्शूचं लग्न करीन." कावळे हलले नाहीत. रामूकाका भटजींना म्हणाले, "दर्भाचो कावळो शिववा नि मोकळे करा, ऊन वाढतां." तेव्हा मी म्हटलं, "दादा, तुला आणायला मी येते." सगळे कावळे एकदम उतरले. एकही ओरडला नाही.

मी शिकलेली आहे. हा योगायोग असू शकतो. पण मी शब्द दिला, तो योगायोगाने दिला नाही.

४. परवा एका मदतसंस्थेबरोबर निघते. परत आले नाही, तर माझ्या पिंडाला कावळा शिवायची वाट पाहू नये. लगेच दर्भाचा शिववावा. त्या दिवशी रामूकाकांचं ऐकावं. आणि आईला घाटावर नेऊ नये. ती काय कबूल करील, ते मला ठाऊक आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि साक्षीदारांदेखत सही केली.

दर्शना कुशाबा घाडी

साक्षीदार: चिंतामणी राणे (शेजारी), श्रेया कदम (मैत्रीण)

वरळी, मुंबई. ९ फेब्रुवारी २००६